सहा पंखे लावायच्या आधी हवेचा रस्ता बघा

तुमचा प्रश्न बाकीच्यांनाही नीट कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. अकोल्यात राहता. गेमिंगच्या संगणकाला मिड-टॉवर (मध्यम उंचीचं) कॅबिनेट आहे, समोर पूर्ण काच, काचेच्या मागे कॅबिनेटबरोबरच आलेले १२० मिमीचे तीन आरजीबी (रंगीत दिव्यांचे) फॅन आणि मागच्या बाजूला एक. आत रायझन ५ ७६०० प्रोसेसर, त्यावर साधा टॉवर कूलर (उभा पत्र्यांचा गठ्ठा आणि त्याला फॅन), आणि आरटीएक्स ४०७० सुपर हे ग्राफिक्स कार्ड. सगळं मशीन स्टडी टेबलच्या खालच्या कप्प्यात बसवलेलं. हिवाळ्यात तक्रार नव्हती. एप्रिल लागल्यापासून गेम सुरू केला की वीसेक मिनिटांत ग्राफिक्स कार्ड ८४ अंशांवर जातं आणि आवाज हेडफोनमधूनही ऐकू येतो. दुकानदाराने सुचवलंय की वर तीन फॅन टाका, तिन्ही एक्झॉस्ट, म्हणजे हवा बाहेर फेकणारे. हे बरोबर का, आणि आत पॉझिटिव्ह प्रेशर ठेवायचं (आत येणारी हवा जास्त) की निगेटिव्ह (बाहेर जाणारी जास्त), असं तुम्ही विचारलंय.

ते तीन फॅन आत्ता घेऊ नका. तुमच्याकडे पंखे कमी आहेत असं मला वाटत नाही. हवेला आत यायला वाट कमी आहे, आणि बाहेर गेलेली गरम हवा कप्प्यातून पुन्हा आत येते आहे. या दोन्ही गोष्टी तशाच ठेवून वर तीन एक्झॉस्ट लावले तर खर्च होईल, आवाज वाढेल, आणि कार्डाचं तापमान कदाचित दोन-तीन अंशांनी हलेल. कॅबिनेटला भोकं कुठे आहेत ते आधी बघायचं, पंख्यांचा विचार त्यानंतर करायचा. असेंब्लीच्या कामात मी हाच क्रम पाळतो आणि तो का पाळतो ते खाली सविस्तर सांगतो.

आधी घाबरण्याचं कारण नाही हे सांगून टाकतो. एनव्हिडियाने या कार्डासाठी ९० अंशांची कमाल मर्यादा दिली आहे आणि एएमडीने रायझन ५ ७६०० साठी ९५ अंशांची. मर्यादेच्या जवळ गेलं की चिप स्वतःच वेग कमी करते, एकदम जळत नाही. पण ८४ म्हणजे उन्हाळ्यासाठी तुमच्या हातात काहीच जागा उरलेली नाही, आणि तापमान चढत जातं तसा कार्डाचा बूस्ट क्लॉकही (चिप स्वतःहून वाढवते तो वेग) थोडाथोडा उतरत जातो. त्यामुळे दुरुस्ती करायला हवी, हे खरंच.

दुसरी गोष्ट, नुसता ८४ हा आकडा मला फारसं काही सांगत नाही. खोलीत किती तापमान होतं ते सांगा. हवेने थंड होणाऱ्या मशीनचं तापमान नेहमी खोलीच्या तापमानावर चढलेलं असतं. खोली ३६ अंशांवर असताना कार्ड ८४ वर असेल तर ते खोलीपेक्षा ४८ अंशांनी गरम आहे. तेच मशीन, तोच गेम, जानेवारीत खोली २२ वर असेल तर कार्ड ढोबळमानाने ७० च्या आसपास दिसेल आणि कोणी तक्रार करणार नाही. म्हणजे तुमच्या मशीनमध्ये एप्रिलमध्ये काही बिघडलेलं नाही. अडचण पहिल्या दिवसापासून होती, उन्हाळ्याने ती दाखवून दिली. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश होतात, एसी नसलेली खोली दुपारी ३८-४० च्या खाली येत नाही. पुण्या-मुंबईतल्या कोणाचे, किंवा परदेशातल्या २१ अंशांच्या खोलीत घेतलेले आकडे बघून स्वतःच्या मशीनची तुलना करू नका. कार्ड खोलीपेक्षा किती वर आहे तो फरक वहीत लिहून ठेवा, तुलनेला तोच उपयोगाचा.

आता हवा किती लागते याचा हिशोब करू. तो सोपा आहे. तुमचं ग्राफिक्स कार्ड २२० वॉटचं आहे. गेममध्ये प्रोसेसर साधारण ६० वॉट खातो, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि एसएमपीएसची (वीज पुरवणाऱ्या डब्याची) स्वतःची उष्णता धरून आणखी ४० धरा. एकूण ३२० वॉट उष्णता त्या डब्यात सतत तयार होते आणि ती बाहेर न्यायला हवा हे एकच वाहन आहे. हवेची घनता आणि तिची उष्णता धरण्याची क्षमता बघितली तर सूत्र असं पडतं: वॉटला १.७६ ने गुणायचं आणि मिनिटाला किती घनफूट हवा जाते, म्हणजे फॅनच्या खोक्यावर लिहिलेला सीएफएम, त्याने भागायचं. येणारं उत्तर म्हणजे आत शिरलेली हवा बाहेर पडेपर्यंत किती अंशांनी तापते ते. ३२० वॉटला ५६ सीएफएम हवा मिळाली तर ती १० अंशांनी तापते. ११२ मिळाली तर ५ अंशांनी. आणि फक्त २० मिळाली तर २८ अंशांनी.

या तीन आकड्यांकडे नीट बघा. २० वरून ५६ वर गेलात तर १८ अंशांचा फायदा. ५६ वरून ११२ वर, म्हणजे हवा दुप्पट करून, फक्त ५ अंशांचा. म्हणून गुदमरलेल्या कॅबिनेटला थोडी मोकळीक दिली की चमत्कार झाल्यासारखा वाटतो, आणि आधीच मोकळ्या असलेल्या कॅबिनेटमध्ये सहावा, सातवा, आठवा फॅन टाकून काही हाती लागत नाही.

यावर कोणी म्हणेल की १२० मिमीच्या एका बऱ्या फॅनच्या खोक्यावरच ५०-५५ सीएफएम लिहिलेलं असतं, मग चार फॅन असताना ५६ ची काय काळजी? खोक्यावरचा आकडा फॅन मोकळ्या हवेत, पूर्ण वेगात, पुढे-मागे काही नसताना मोजलेला असतो. उदाहरणार्थ आर्क्टिक पी१२ या फॅनवर १८०० आरपीएमला ५६.३ सीएफएम आणि २.२० मिमी पाण्याइतका स्टॅटिक प्रेशर लिहिलेला आहे. हे दोन्ही आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. एक आहे अडथळा शून्य असतानाचा प्रवाह, दुसरा आहे वाट पूर्ण बंद असतानाचा दाब. तुमचा फॅन या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी काम करत असतो, आणि काच, फिल्टर, जाळी, केबल यांतली प्रत्येक गोष्ट त्याला प्रवाह कमी असलेल्या टोकाकडे ढकलते. त्यातून तो १८०० ऐवजी ९०० वर फिरत असेल तर प्रवाह निम्मा होतो आणि दाब एक-चतुर्थांश. फक्त दिसण्यासाठी बनवलेल्या आरजीबी फॅनचा दाब आधीच कमी असतो, आणि त्यांनाच काचेच्या मागे बसवलेलं असतं.

स्वयंपाकघरात सगळी दारं-खिडक्या घट्ट लावून एक्झॉस्ट फॅन सुरू केला तर तो जोरात घरघरतो, पण फोडणीचा धूर जागचा हलत नाही. खिडकी बोटभर उघडली की लगेच ओढ सुरू होते. तुमच्या कॅबिनेटची समोरची काच ही ती बंद खिडकी आहे. काच आणि कॅबिनेटच्या मध्ये कडेने जी फट आहे, बहुतेक वेळा बोटभरच, तेवढ्यातून तीन फॅननी हवा ओढायची असते. दुकानदाराच्या सल्ल्याने वर तीन एक्झॉस्ट लावले तर मागचा धरून चार फॅन बाहेर फेकणारे आणि तीन गुदमरलेले आत घेणारे होतील. बाहेर जाईल तेवढी हवा कुठून तरी आत यावीच लागते. मग ती मागच्या स्लॉटच्या (कार्ड लावायच्या जागांच्या) पट्ट्यांतून, साइड पॅनलच्या फटींतून, जिथे फिल्टर नाही तिथून येईल. कप्प्यात ठेवलेल्या मशीनच्या मागे तर नुकतीच फेकलेली गरम हवाच साचलेली असते, तीच परत आत येईल.

आता हे अंदाज खरे की खोटे ते तुम्हीच तपासा. एक रुपया खर्च न करता चार चाचण्या करायच्या आहेत. एकच गेम, एकच ठिकाण, एकच सेटिंग, अर्धा तास. शेवटच्या पाच मिनिटांची सरासरी लिहायची. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर कार्डाचं तापमान, हॉटस्पॉट (त्याच्या चिपवरच्या सगळ्यात गरम जागेचं तापमान), प्रोसेसरचं तापमान आणि फॅनचे वेग सगळं दाखवतं. शक्य असेल तर कार्डाचे पंखे एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमधून ठरावीक टक्क्यांवर बांधून ठेवा, म्हणजे ते स्वतःच वेग वाढवून फरक लपवणार नाहीत. खोलीचं तापमान दर वेळी लिहा.

पहिली चाचणी आहे तशीच, कप्प्यात. दुसरी, मशीन कप्प्यातून बाहेर काढून टेबलाशेजारी, मागे भिंतीपासून निदान वीतभर अंतर ठेवून. तिसरी, बाहेरच ठेवून समोरची काच काढून. चौथी, काच परत लावून डाव्या बाजूचं पॅनल काढून. दुसऱ्या चाचणीत मोठी घसरण दिसली तर दोषी कप्पा. तिसरीत दिसली तर काच. चौथीत पॅनल उघडूनही दोन-तीन अंशांपेक्षा फरक पडला नाही, तर कॅबिनेटमधल्या हवेचा दोष नाहीच, कार्डाच्या कूलरमध्ये बघायला हवं. अशा वेळी कार्डाचं तापमान आणि हॉटस्पॉट यांतलं अंतर बघा. १० ते १५ अंश असेल तर ठीक. २५-३० असेल तर चिपवरची थर्मल पेस्ट (चिपची उष्णता कूलरकडे पोचवणारा लेप) नीट बसलेली नाही किंवा सुकली आहे. तेव्हा कार्ड स्वतः उघडायच्या आधी वॉरंटीचं विक्रेत्याकडे विचारून घ्या.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझा अंदाज आहे की सगळ्यात मोठा फरक दुसऱ्या चाचणीत दिसेल. आपल्याकडच्या संगणक टेबलांना जो कप्पा असतो तो मशीनच्या मापाचा बनवलेला असतो, हवेचा विचार त्यात नसतो. तीन बाजूंनी प्लायवूड, मागे भिंत, कधी समोर दार. त्यात मशीन स्वतःची गरम हवाच पुन्हा पुन्हा ओढत राहतं. बाहेर खोलीत ३६ अंश असतील तर कप्प्यात मशीनच्या तोंडाशी ४५ सुद्धा असू शकतात. साधा तापमापक समोरच्या फटीशी धरून बघा. हे नऊ अंश जसेच्या तसे प्रत्येक भागाच्या तापमानात मिळवले जातात, आत कितीही महागडे फॅन असले तरी. कप्पा सोडवत नसेल तर मागची फळी काढून टाका आणि टेबल भिंतीपासून पुढे ओढा. तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

आता मांडणीकडे येतो. अशा कॅबिनेटमध्ये कार्ड मध्यावर आडवं असतं, त्याचे पंखे खाली तोंड करून हवा ओढतात आणि गरम हवा कडेने आणि वर सोडतात. आरटीएक्स ३० मालिकेपासून बऱ्याच कार्डांचा सर्किट बोर्ड आखूड असतो आणि शेवटचा पंखा हवा थेट आरपार वर फेकतो, म्हणजे ती प्रोसेसरच्या कूलरच्या तोंडावर जाते. त्यामुळे कार्डाला खालून ताजी हवा मिळणं, आणि कार्डाने वर सोडलेली हवा मागून व वरून लगेच बाहेर जाणं, ही दोन कामं झाली की बाकीचं आपोआप सुधारतं.

समोरच्या तीन फॅनपैकी तुमच्यासाठी सगळ्यात कामाचा खालचा. तो कार्डाच्या खाली हवा पोचवतो. त्याच्यापुढे हार्ड डिस्कचा पिंजरा रिकामा असेल तर काढून टाका, आणि एसएमपीएसच्या जास्तीच्या केबलींचा गुंता तिथे कोंबलेला असेल तर मागच्या बाजूला बांधा. मधला फॅन कार्डाच्या टोकाशी येतो, वरचा प्रोसेसरच्या कूलरसमोर. कोणाकडे दोनच फॅन असतील आणि काम मुख्यतः गेमिंगचं असेल तर ते खाली आणि मध्ये लावावेत. वरची जागा रिकामी राहिली तरी चालते.

मागचा फॅन एक्झॉस्ट, त्यात बदल नको. टॉवर कूलरची हवा सरळ त्याच्याकडे जायला हवी, तेव्हा कूलरवरचा फॅन समोरून मागे फेकतो आहे ना, एवढं बघून घ्या. तो उलटा किंवा वर तोंड करून बसवलेला मी अनेकदा पाहिला आहे.

वरच्या जागांबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण दुकानदाराचा सल्ला याच ठिकाणी चुकतो. गरम हवा वर जाते म्हणून वरून बाहेर काढायची, असं सगळे सांगतात. वर जाते हे खरं, पण किती जोराने? अर्ध्या मीटरपेक्षा कमी उंचीच्या कॅबिनेटमध्ये १० अंशांच्या फरकाने हवेला जो वरचा रेटा मिळतो तो पाण्याच्या दीड-दोन शतांश मिलिमीटर इतका असतो. वर ज्या फॅनचं उदाहरण दिलं त्याचा दाब २.२ मिमी, म्हणजे शंभरपटीहून जास्त. फॅन सुरू असताना हवा फॅन नेईल तिकडेच जाते. ४५ लिटरच्या कॅबिनेटमधून ५६ सीएफएम हवा वाहते तेव्हा आतली सगळी हवा दोन सेकंदांच्या आत बदलते. तिला स्वतःहून वर चढायला वेळच मिळत नाही.

मग वरचे फॅन कशाला? मागच्या कोपऱ्यात, प्रोसेसरच्या कूलरच्या मागे, कार्डाची आणि प्रोसेसरची गरम हवा एकत्र येते. तिथे वर, मागच्या बाजूला एक एक्झॉस्ट असेल तर तो उपयोगी आहे. पण वरच्या तीन जागांपैकी सगळ्यात पुढची जागा समोरच्या वरच्या फॅनच्या अगदी डोक्यावर येते. तिथे एक्झॉस्ट लावला तर समोरून नुकतीच आलेली थंड हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आधीच तो वरून बाहेर काढतो. तुम्ही ती हवा फिल्टरमधून, काचेच्या फटीतून कष्टाने आत आणली, आणि तिने काही काम न करता ती निघून गेली. म्हणून वर लावायचाच झाला तर एक, मागच्या टोकाला. मधल्या जागेचं कार्डाच्या लांबीवर आणि कूलरच्या उंचीवर अवलंबून आहे. पुढची जागा रिकामीच ठेवा. वरची जाळी उघडी असल्याने तिथून थंड हवा निसटते आहे असं वाटलं तर एक जाड पुठ्ठा ठेवून चाचणी करा. फरक पडला तरच कायमची पट्टी लावा.

तळाकडून कार्डाला हवा द्यायची सोय काही कॅबिनेटमध्ये असते. एसएमपीएस झाकणाऱ्या पत्र्यावर दोन फॅन बसतील अशी जाळी असते, किंवा तळालाच जागा असते. तुमच्या ४०७० सुपरसाठी पुढचा फॅन घ्यायची वेळ आली तर माझी पहिली पसंती या जागेला, कारण तो थेट कार्डाच्या पंख्यांच्या तोंडाशी हवा देतो. मात्र पत्र्याखालून त्या फॅनला हवा यायला वाट हवी. पत्र्याखाली केबली ठासून भरलेल्या असतील आणि समोरचा पत्रा बंद असेल तर फॅन फिरेल, पण हवा देणार नाही. एसएमपीएसचा स्वतःचा पंखा तळाला जाळी आणि पायांची उंची असेल तर खाली तोंड करून ठेवावा. मशीन सतरंजीवर किंवा गालिच्यावर ठेवत असाल तर वर तोंड करून.

फॅन कोणत्या बाजूने हवा फेकतो हे ओळखायची नेहमीची खूण अशी: ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या काड्या आणि लेबल असतं त्या बाजूने हवा बाहेर पडते. पण हल्ली दिसायला चांगले दिसावेत म्हणून उलट्या पात्यांचे फॅन मिळतात आणि त्यांच्यात ही खूण उलटी होते. तेव्हा टिश्यू पेपरची पट्टी धरून खात्री करून घ्या. सगळी मांडणी झाली की बाहेरून, कॅबिनेटच्या प्रत्येक फटीजवळ पेटलेली अगरबत्ती धरा. राख आत पडणार नाही एवढी काळजी घ्या. धूर कुठे आत ओढला जातो आणि कुठे लोटला जातो हे डोळ्यांनी दिसतं. मागच्या स्लॉटच्या पट्ट्यांमधून धूर आत जात असेल तर आत निगेटिव्ह प्रेशर आहे, दुसरा पुरावा लागत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पॉझिटिव्ह की निगेटिव्ह. माझं मत आहे की किंचित पॉझिटिव्ह ठेवावं, आणि त्याचं कारण तापमान नाही, धूळ आहे. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असेल तर प्रत्येक फटीतून हवा बाहेर निघते, आणि धूळ आत यायला फिल्टरची एकच वाट उरते. फिल्टर धुता येतो, कार्डाच्या कूलरच्या बारीक पत्र्यांमधली धूळ सहज निघत नाही. तापमानाच्या बाबतीत, दोन्ही बाजूंनी वाट मोकळी असेल तर पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा फरक दोन-चार अंशांपलीकडे जात नाही. उघड्या जाळीच्या आणि जवळजवळ धूळ नसलेल्या खोलीतल्या मशीनला थोडं निगेटिव्ह प्रेशर फायद्याचंही ठरतं, विशेषतः वरच्या दर्जाचं, खूप उष्णता ओतणारं कार्ड असेल तेव्हा. आपल्याकडच्या धुळीत मी तो मार्ग घेत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: फॅन मोजून प्रेशर ठरत नाही. समोर तीन आणि मागे एक असे फॅन असले तरी समोरचे काचेआड गुदमरलेले आणि फिल्टर धुळीने भरलेला असेल तर आत निगेटिव्ह प्रेशर असू शकतं. आज पॉझिटिव्ह असलेलं मशीन फिल्टर न धुता तीन महिने चाललं की हळूहळू निगेटिव्ह होतं आणि मग फटींतून धूळ शिरायला लागते. म्हणून उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी फिल्टर झटका. ब्लोअरने आतली धूळ उडवताना प्रत्येक फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर झोताने ते फार जोरात फिरून बेअरिंग खराब होतं.

आवाजाचं मूळ मात्र वेगळीकडे आहे, आणि त्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जावं लागेल. बहुतेक मदरबोर्ड कॅबिनेटचे फॅन प्रोसेसरच्या तापमानावर चालवतात, कारण बायोसला ग्राफिक्स कार्डाचं तापमान सहसा दिसत नाही. गेममध्ये उष्णता ओतणारं असतं कार्ड, २२० वॉटचं, आणि तुमचा प्रोसेसर ६५-७० अंशांवर निवांत असतो. त्यामुळे कॅबिनेटचे फॅन मंद फिरत राहतात, आत हवा साचते, आणि कार्डाला स्वतःचे छोटे पंखे जोरात पळवावे लागतात. हेडफोनमधून ऐकू येणारा आवाज तो आहे. फॅन कंट्रोल नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात प्रोसेसर आणि कार्ड यांतलं जे जास्त गरम असेल त्यावर कॅबिनेटचे फॅन बांधता येतात. सॉफ्टवेअर नको असेल तर बायोसमध्ये ९०० ते १००० आरपीएमचा स्थिर वेग ठेवा. आणि वेग बदलायला पाच-दहा सेकंदांचा उशीर ठेवा, म्हणजे प्रोसेसर क्षणभर तापला की फॅनचा सूर वर-खाली होणार नाही.

मोठे किंवा जास्त फॅन मंद फिरवण्यात आवाजाचा खरा फायदा आहे. वेग निम्मा केला की आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने उतरतो, तर दोन सारखे फॅन एकत्र चालवले तर तो फक्त ३ डेसिबलने वाढतो. हा फायदा घ्यायचा तर फॅनचा वेग तुमच्या ताब्यात हवा. कॅबिनेटबरोबर आलेले आरजीबी फॅन पुष्कळदा एका हबवर (अनेक फॅन जोडायच्या छोट्या बोर्डवर) जोडलेले असतात आणि हब थेट एसएमपीएसच्या मोलेक्स किंवा साटा पिनवर, म्हणजे वेग बांधलेला. तुमचे तसे आहेत का ते बघा. असतील तर नवीन तीन फॅन घेण्याऐवजी समोरचा खालचा एक फॅन बदलून चांगल्या दाबाचा, चार पिनचा पीडब्ल्यूएम (मदरबोर्डवरून वेग बदलता येणारा) फॅन लावणं जास्त शहाणपणाचं. मदरबोर्डच्या एका हेडरवर (फॅनची पिन लावायच्या जागेवर) साधारण १ अँपिअर चालतो, स्प्लिटर (एका जागेवर अनेक फॅन जोडणारी वायर) लावणार असाल तर फॅनच्या लेबलावरचे अँपिअर मिळवून बघा.

उन्हाळ्यात खोलीत कूलर असेल तर मशीन त्या झोतात ठेवू नका, खोलीत कुठेही चालेल. कूलरने खोली ४० वरून ३० वर आली तर मशीनलाही ते दहा अंश मिळतात, आणि हवा दमट झाली म्हणून आत पाणी सुटत नाही, कारण आतला प्रत्येक भाग हवेपेक्षा गरम असतो. थेट झोतात मात्र पाण्याचे बारीक थेंब येतात, ओली धूळ फिल्टरवर थापली जाते आणि सुकल्यावर निघत नाही. कोकणात आणि मुंबईत दमट, खारट हवेमुळे धूळ अशीच चिकटते, तिथल्यांनी सफाईचं अंतर आणखी कमी ठेवावं.

एवढं करूनही दुपारी त्रास झाला तर आफ्टरबर्नरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. २२० चे १७६ वॉट होतात, उष्णता पाचव्या हिश्शाने कमी, आणि फ्रेम (गेममध्ये सेकंदाला दिसणारी चित्रं) मात्र सहसा थोडेच टक्के घटतात. मे महिन्याच्या दुपारी मी हेच सुचवतो.

ज्यांच्याकडे लिक्विड कूलर (प्रोसेसरची उष्णता द्रव फिरवून नेणारा) आहे त्यांनी विचारायच्या आधी सांगतो: रेडिएटर (तो द्रव जिथे थंड होतो तो भाग) वर, एक्झॉस्ट म्हणून, हा बहुतेकांसाठी सरळ मार्ग. समोर लावला तर प्रोसेसरला ताजी हवा मिळते पण कार्डाला तापलेली. आणि पंप ब्लॉकमध्ये (प्रोसेसरवर बसणाऱ्या भागात) असेल तर रेडिएटरचा वरचा काठ पंपापेक्षा उंच राहिला पाहिजे, म्हणजे आतली हवा पंपात न अडकता वर जमते.

तुम्ही आधी मशीन कप्प्याबाहेर काढा, चार चाचण्या करा, फॅनचा वेग कार्डाशी बांधा. काच दोषी निघाली तर त्याच कॅबिनेटसाठी जाळीचं फ्रंट पॅनल मिळतं का ते विचारा. न मिळाल्यास काच लांब धरणारे छोटे स्पेसर लावून फट वाढवता येते. मग खोलीचं तापमान, चारही आकडे, हॉटस्पॉट आणि कॅबिनेटच्या तळाचा, एसएमपीएसवरच्या पत्र्याचा फोटो मला दाखवा. तिथे फॅनला जागा आणि खालून वाट असेल तर पुढचा फॅन तळाला, नसेल तर वरच्या मागच्या टोकाला.